उखाण्यातला बी.ए.

माझ्या नवऱ्याचं नाव मी या लिखाणात कुठंही घालणार नाही. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या त्या फक्त उखाण्यात, आणि तेही चारचौघींनी गळ घातल्यावर. कुणी हसलं तर हसू दे. हात वळत नाही त्याला मी तरी काय करू? शिवाय आमच्या संसाराचा पहिला घोटाळा उखाण्यातच झाला, तेव्हा उखाण्याला मी अजून जरा वचकून असते.

आमचं घर बेळगावात, खडेबाजाराला लागून. आप्पा शाळेत गणिताचे मास्तर. त्यांना स्वतःला कॉलेजची पायरी चढायला मिळाली नव्हती, म्हणून जावई करीन तर बी.ए.च, असा त्यांनी हट्ट धरला होता. त्या काळी आमच्या भागात बी.ए. झालेला मुलगा म्हणजे काय चीज! वकिलांच्या, मामलेदारांच्या घरची स्थळं त्याच्यामागं हात धुऊन लागायची. आमच्यासारख्यांच्या वाट्याला कुठला येणार, असं आई म्हणायची. आप्पा ऐकायचे नाहीत.

आणि स्थळ आलं. मुलगा गुंजीचा, शेतकऱ्याच्या घरचा. निपाणीला एका तंबाखूच्या पेढीवर इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायचा. आप्पा स्वतः निपाणीला जाऊन पेढीच्या शेठजींना भेटून आले.

"बी.ए. हाय की वो!" शेठजी म्हणाले. "त्याशिवाय खुर्ची दिली असती व्हय आम्ही?"

त्या पेढीवर सगळे दिवाणजी गादीवर मांडी घालून, पुढ्यात डेस्क घेऊन लिहायचे. बी.ए. झालेल्या माणसानं असं बसणं बरं दिसत नाही, म्हणून शेठजींनी सुताराकडून मुद्दाम खुर्ची-टेबल करून घेतलं होतं. ती खुर्ची बघून आप्पांची खात्री पटली. जन्मभर पोरांना ताळा करायला शिकवणारा माणूस, पण इथं स्वतः ताळा करायचा विसरला.

लग्न वैशाखात झालं. पंगत बसली. पहिल्या रांगेत शेठजी, शेजारी आप्पा, आणि मधोमध रांगोळी घातलेल्या पाटांवर आम्ही दोघं. घास भरवायची वेळ आली तशी बायकांनी ओरडा सुरू केला, "नाव घे गं, नाव घे!" माझ्या मैत्रिणींनी आठवडाभर घोकून घेतलेला उखाणा मी ठणठणीत आवाजात म्हटला:

"कुंदनाच्या कोंदणात हिरा शोभतो खास,
अमुकरावांचं नाव घेते, बी.ए. झाले पास!"

टाळ्या पडल्या. शेठजींनी "वा वा" केलं. आप्पांचा चेहरा तर असा फुलला होता की मला त्यांच्याकडं बघवेना. मी जिलबीचा तुकडा नवऱ्याच्या तोंडात घातला, आणि त्यांना जोराचा ठसका लागला. लाजले, लाजले, म्हणून बायका हसल्या. मग त्यांची पाळी आली. त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला. माझ्याकडं न बघता म्हणाले:

"पानात जिलबी, हातात घास,
अमकीचा नवरा इंटरला नापास."

लोक पोट धरून हसले. जावई भलताच विनोदी आहे, असं माझी मावशी शेजारणीला सांगू लागली. ते मात्र हसत नव्हते. ते मीच सगळ्यात आधी बघितलं. मग आप्पांनी बघितलं.

"थट्टा आहे ना?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. "खरं हाय."

मग तिथंच, उष्ट्या हातानं, त्यांनी सगळं सांगितलं. कोल्हापूरला कॉलेजात गेले, दुसऱ्या वर्षाला, म्हणजे इंटरला, गणितात नापास झाले, आणि घरी परत जायला तोंड नव्हतं म्हणून नोकरी शोधत निपाणीला आले. पेढीच्या ओट्यावर मॅट्रिक झालेले बरेच जण आधीच येऊन बसले होते. शेठजींनी विचारलं, शिक्षण किती? यांच्या तोंडून बी.ए. असं निघून गेलं. कागद कुणी मागितला नाही, नोकरी लागली. पण ती दोन अक्षरं मग त्यांची पाठ सोडीनात. गुंजीला बातमी पोचली, वडिलांनी स्टेशनावर पेढे वाटले. गावात कुणाच्या मालाचा लोंढ्याच्या जंक्शनला घोळ झाला की रेल्वेशी भांडायला यांनाच धरून न्यायचे. निपाणीत तार आली की यांच्याकडं, कोर्टाचा कागद आला की यांच्याकडं. येत नाही म्हणायची सोय उरली नव्हती. रात्रंदिवस डिक्शनरी उशाला घेऊन ते बी.ए.पण निभावत होते.

मला इतका राग आला की मी पाटावरून उठले आणि खोलीत जाऊन कडी लावून घेतली. यांनी फसवलं याचा राग होताच, पण माझ्याच तोंडून सगळ्या गावापुढं ते खोटं वदवून घेतलं, याचा जास्त आला.

शेठजी मोठे व्यवहारी. पान खाऊन झाल्यावर म्हणाले, "पत्रं तर आमची बराबर जात्यात. नोकरी ऱ्हाऊ दे. खुर्ची मात्र न्हाय." दुसऱ्या दिवसापासून हे गादीवर, सगळ्यात खालच्या दिवाणजीच्या पलीकडं बसू लागले. पगार उतरला. पुढं कित्येक महिने यांनी लिहिलेलं प्रत्येक पत्र शेठजी एका वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय टपालात टाकू देत नसत. चूक सापडत नसे, तरी वाचून घेत. ते यांना फार लागलं, असं पुढं एकदा मला म्हणाले.

आणि आप्पा? त्यांनी एकच वाक्य टाकलं. "खोटं बोलणाऱ्याच्या घरी मी मुलगी नांदायला पाठवणार नाही."

झालं! गळ्यात मंगळसूत्र आणि मुक्काम माहेरी. हे अधूनमधून रविवारी मोटारीनं यायचे, ओसरीवर बसायचे, आई आणून देईल ते पाणी प्यायचे आणि परत जायचे. आप्पा वर्तमानपत्रातून डोकं वर काढायचे नाहीत. मी खिडकीआडून बघायची आणि धुमसायची. एकदा राहवलं नाही. आप्पा बाहेर गेलेले बघून खिडकीतूनच विचारलं, "इतके दिवस पचलं होतं, मग त्या दिवशीच का नाही पचलं?"

ते उठून उभे राहिले. म्हणाले, "लोक म्हणायचे त्याची सवय झालती. तू म्हटलीस, आन् वाटलं, आता ही जन्मभर प्रत्येक हळदीकुंकवात हे खोटं म्हणणार, आन् हिला ठाऊकबी नसणार."

मी खिडकी लावून घेतली. पण राग कुठं गेला ते मला कळलं नाही. शोधला तरी सापडेना.

संक्रांत आली. लग्नानंतरची पहिली, म्हणून सासूबाई गुंजीहून हलव्याचे दागिने आणि काळी चंद्रकळा घेऊन आल्या. बरोबर हेही आले आणि नेहमीसारखे ओसरीवर आप्पांसमोर बसले. माजघरात आळीतल्या बायका जमल्या होत्या. सासूबाई मला दागिने घालताना कानाशी म्हणाल्या, "नाव नगं घेऊस पोरी, लई बोलल्या न्हवं का समद्या." पण बायका कसल्या सोडतात! सगळ्यांना माहीत होतं, तरी, किंवा माहीत होतं म्हणूनच, एकीनं डोळे मिचकावत म्हटलं, "घे की गं नाव, बघू तरी आता काय घेतीस!"

मी उठून उभी राहिले. ओसरीवर ऐकू जाईल असा आवाज लावला:

"चंद्रकळेवर हलव्याचा साज दिसतो खास,
अमुकरावांचं नाव घेते, इंटरला नापास!"

ओसरीवर वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा आवाज आला. मी दाराशी गेले. आप्पा लग्नानंतर पहिल्यांदाच यांच्याकडं सरळ बघत होते.

"गणितात किती पडले होते?" आप्पांनी विचारलं.

"सांगायला लाज वाटतीया, आप्पा."

"सांगा."

त्यांनी आकडा सांगितला. तो मी इथं लिहीत नाही, नवऱ्याचं नाव लिहीत नाही तसाच. आप्पा असे हसायला लागले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. वर्गात त्यांना कुणी कधी हसताना बघितलं नव्हतं.

"अगं, ऐकलंस का," त्यांनी आईला हाक मारली, "मुलीचं सामान बांध. इतके कमी मार्क खोटं बोलणारा माणूस कशाला सांगेल?"