निरीक्षकाचं बोट

बसस्टँडसमोरच्या टपरीवर त्याची नि आमची रोज गाठ पडते. तो डावखुरा. कप डाव्या हातात धरतो, लिहितो डाव्या हाताने, आणि खिशात प्रशिक्षणात फळ्यावर लिहायचा जाड काळा मार्कर कायम असतो. आपल्या संस्थेतर्फे तो परदेशी संस्थांसोबत दूरदूरच्या देशांत निवडणुकांवर नजर ठेवायला जातो. तिथे पेट्यांना सील कसं लावलं, कुठे रांग मध्येच तोडली, हे तो गडचिरोलीच्या उन्हात आम्हाला ऐकवतो. शेवटचं वाक्य ठरलेलं: "लोकशाही लेकरावानी जपा लागते, भाऊ."

मला ते ऐकायला आवडतं. माणूस मनापासून बोलतो.

यंदा मतदानाच्या दुपारी त्याची परदेशी मित्रांसोबत ऑनलाइन सभा होती. आमची माणसं जंगल तुडवत मत द्यायला कशी येतात, हे त्यांना समजावून तो शाळेतल्या केंद्रावर पोचला, तेव्हा फाटक बंद झालं होतं. मी समोरच्या झाडाखाली बसलो होतो. त्याने मला पाहिलं नाही.

"आपल्या इथी तीनलेच बंद होते, साहेब," फाटकावरचा पोलीस म्हणाला. "तुमाले मालूम नाई?"

तो आल्या पावली वळला.

दुसऱ्या सकाळी टपरीवर त्याने काळी रेघ असलेलं बोट सगळ्यांपुढे धरलं. "तिकडच्या दोस्ताईले फोटो पाठवला. भल्ले खूश झाले!"

मीही शाबास म्हणालो. शाई डाव्या हाताच्या बोटाला लावतात, हे मला त्यानेच कधीतरी सांगितलं होतं.

कप नेहमीसारखा त्याच्या डाव्या हातात होता. बोट उजव्या हाताचं होतं.