निळ्या मखमलीची डावी बाही

तर घोडं अडलं होतं ते डाव्या बाहीपाशी. कोटाची पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, कॉलर झाली, उजवी बाहीसुद्धा कशीबशी जमली, आणि डाव्या बाहीला कापडच नाही! निळ्या मखमलीचा तो कोट खुंटीला थोटा लटकलेला, आणि टाचणी जाता-येता त्याच्याकडे अशी बघायची, जणू काही त्यानेच आपला हात कुठेतरी विसरून ठेवलाय.

आता टाचणी कोण, तर कटरमास्तरांची धाकटी बहीण. तोंडात टाचण्या धरून भांडायची सवय, म्हणून भावानेच ठेवलेलं नाव. नवऱ्याची टपाल वाटण्याची नोकरी, मुलगी लग्न होऊन गेलेली, आणि ओट्याशेजारच्या खिडकीखाली पायाने चालवायचं शिलाई मशीन. कटरमास्तर कामाला होते मोठ्या शोरूमच्या कारखान्यात. तिथलं कापड असं, की हात लावण्याआधी गिऱ्हाईक आपला हात पुसतं. बेतून उरलेले तुकडे कारागिरांनी घरी न्यावेत, अशी शोरूमवाल्या बाईंची मुभा होती. मास्तर आठवड्याला पिशवी आणून बहिणीच्या मशीनवर उपडी करायचे. त्या चिंध्यांमधून टाचणीने काय नाही केलं? उशांचे अभ्रे, नातीचा फ्रॉक, नवऱ्याची टोपी, जावेची पर्स. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे चहाची किटली धरायचं फडकंसुद्धा रेशमी. आम्ही कुठे हात पुसायचे?"

सगळ्यांना झालं, तिला स्वतःला काही नाही. म्हणून हा कोट. नवऱ्याची नोकरी संपत आली होती. शनिवारी कचेरीत निरोपाचा कार्यक्रम, साहेबाच्या हस्ते सत्कार, सपत्नीक खुर्चीवर बसायचं. टाचणीने ठरवलं होतं, बसायचं तर या कोटात. दोन हिवाळे ती निळे तुकडे साठवत होती. हाताच्या पंजाएवढा एकेक तुकडा, गालावरून फिरवून लव कुठल्या दिशेला वळते ते बघायचं आणि मगच जोडायचा. मखमलीचं तसंच असतं. लव खाली वळलेली असली तर निळी दिसते, वर वळली की काळी.

पण कापड मिळायला भाऊ दुसरा हवा होता! कटरमास्तरांची सगळी ख्याती कापड वाचवण्यात. कागदी साचे ते कापडाच्या थानावर असे बसवायचे, की मध्ये मुंगीने वाट विचारावी. त्यांच्या टेबलाखाली पडायचं ते मांजराच्या जिभेएवढं, फार तर पंजाएवढं. आणि बाईंनी तर आता सांगून टाकलं होतं, की हा निळा रंग यंदा बंद, हे शेवटचं थान.

"दादा, एकदा तरी वाईट काप ना रे," टाचणी म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"गबाळं काप. दोन साच्यांमध्ये वीतभर जागा सोड. जगातले सगळे कटर सोडतात, तुलाच काय धाड भरलीय?"

"टाचणे, वाघाला गवत खा म्हणतेस."

"वाघ कसला! घूस आहेस घूस. काही शिल्लक ठेवत नाहीस."

मास्तर रागावून चहा अर्धा टाकून गेले. पण भावाचं मन ते, रात्रभर टोचत राहिलं. सकाळी त्यांनी बाईंनाच विचारलं. बाई हसल्या. "थान संपवायचंच आहे, मास्तर. कापा की सैल." परवानगी मिळाली, पण हात ऐकेना. साचा लांब ठेवावा, की बोटं त्याला आपोआप जवळ ओढत. शेवटी मास्तरांनी डोळे मिटून घेतले, तोंड फिरवून साचा सरकवला आणि खडूने रेघ मारली. शेजारच्या कारागिराने विचारलं, "मास्तर, बरं वाटत नाही का?"

संध्याकाळी त्यांनी बहिणीच्या पुढ्यात तो तुकडा ठेवला. बाही निघून उरेल एवढा, सलग! एका टोकाला निमुळता, दुसऱ्याला रुंद. "घे," मास्तर म्हणाले, "माझी अब्रू आहे ही. नीट शिव."

टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि इथेच सगळं फिसकटलं. उभा जन्म चिंध्यांत गेलेली बाई, तिच्या हातात एवढं कापड! बाहीचा साचा तिने सरळ ठेवून पाहिला. बसत होता छान. पण सरळ ठेवला तर उरत होते नुसते कोपरे. तिने साचा उलटा फिरवला, रुंद खांदा रुंद टोकाला, तर बाजूला एक लांब पट्टी वाचत होती. चष्म्याचं घर होईल, नातीच्या डोक्याचा पट्टा होईल! कात्री चालली सुद्धा. ते इवले इवले तुकडे गालावर फिरवून जोडणारी टाचणी, या एका मोठ्या तुकड्याची लव बघायची विसरली. पट्टी वाचल्याच्या आनंदात तिने बाही जोडली, अस्तर लावलं, टिपा मारल्या.

गुरुवारी सकाळी उजेडात कोट घालून ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

नवरा म्हणाला, "छान. पण ही बाही भिजलीय का गं?"

भिजली नव्हती. सगळा कोट निळा आणि डावी बाही काळी, शाईत बुडवून काढल्यासारखी. टाचणीने ती वरून खाली चोळली, इस्त्रीची वाफ दिली, दातओठ खाल्ले. लव ऐकेना. उसवून करणार काय? थान संपलेलं, आणि उरलेल्या पट्टीतून बाही बाहुलीचीच झाली असती.

मास्तर आले, बघताच डोक्याला हात लावून बसले. "अगं, साचा उलटा का ठेवलास?"

"पट्टी वाचत होती."

"पट्टी! मी जन्मात पहिल्यांदा कापड वाया घालवलं, आणि तू ते वाचवलंस?"

"घराणं एकच ना आपलं!" टाचणी ओरडली. "तू शिकवलंस तेच हाताला लागलंय. आणि आता मलाच ओरडतोस!" तिने ती पट्टी भावाच्या अंगावर फेकली. मग तीच पुन्हा उचलून नीट घडी करून ठेवली. तेवढं कापड कोण टाकणार?

टाचणी कोटाची बटणं लावायची आणि काढायची. शेवटी नवऱ्याने घसा साफ केला. "मग शनिवारी तू जुनी शाल घेऊन येतेस ना?"

टाचणीने तोंडातली टाचणी काढली आणि म्हणाली, "शाल गेली खड्ड्यात. मी हाच कोट घालणार, दोन हिवाळे घातलेत यात. तुम्ही माझ्या डाव्या हाताला अगदी चिकटून बसायचं, आणि साहेबांनी सत्काराला बोलावलं तरी जागचं हलायचं नाही. त्यांना म्हणावं, हार इथेच आणून घाला."