गल्लीभर ऐकू जाणारी प्रार्थना

समस्त नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत कित्येक वर्षं एकही दुखणं, भांडण किंवा नापास झालेलं पोरगं गुप्त राहू शकलं नाही. यात पोलिसांचा हात नव्हता, वर्तमानपत्रांचाही नव्हता. हे सगळं एकट्या मार्थामावशींचं कर्तृत्व.

मावशी मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होत्या. शंभर पोरींना एका हाकेत जेवायला बसवणारा आवाज घेऊन त्या निवृत्त झाल्या आणि आमच्या शेजारी राहायला आल्या. त्यांच्यापुढे कोणी नुसतं हुश्श केलं, तरी त्या भाजीची पिशवी खाली ठेवायच्या, त्या माणसाचा हात धरायच्या आणि भर रस्त्यात डोळे मिटायच्या. सुरुवात बायबलातल्या भाषेत व्हायची, पण दोन वाक्यांत मावशी घरच्या बोलीवर यायच्या.

"हे स्वर्गीय बापा, तू सर्वसमर्थ आहेस. बापा, ह्या ढोबळेबाई. याईचे गुडघे सुजले, सून माहेरी जाऊन बसली, अन् घरात भाकर टाकाले कोनी नाई."

आमेन होईपर्यंत गल्लीतली प्रत्येक खिडकी उघडलेली असायची. ढोबळेकाकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी मात्र त्यांच्या ओट्यावर तीन घरचे डबे आले, आणि चौथ्या घरची मुलगी दुसऱ्या दिवसापासून पोळ्या लाटायला येऊ लागली. तरी लोक शहाणे झाले. मावशी कोपऱ्यावर दिसल्या की माणसं खोकला दाबायची आणि लंगडणारे सरळ चालायचे.

त्यांच्या चर्चमधल्या नव्या, तरुण पाळकसाहेबांनी त्यांना एकदा पत्रकांचा गठ्ठा दिला. अदृश्य देवाची शेजाऱ्यांना ओळख करून द्या, म्हणाले. मावशींनी तो मला दाखवला आणि तोंड वाकडं केलं.

"कागद देऊन ओळख होते काय, बापू? तो तं दिसत नाई. मंग आपन तरी दिसाव."

आणि त्या दिसायच्याच. कोणाचं ऑपरेशन असो की कोणाच्या घरची मयत, दारात पहिली चप्पल मावशींची.

मागच्या वर्षी माझ्या मानेवर गाठ आली. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. मी हौशी नाटकांत राजे रंगवणारा माणूस. तलवारीला भीत नाही, पण त्या तुकड्यानं माझी झोप उडवली. नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी खरं काही सांगितलं नाही; मानेवर साधं गळू झालंय, एवढंच ठोकून दिलं. तिचा भाऊ त्याच्या वर्षभर आधी अशाच गाठीनं गेला होता. रिपोर्ट येईपर्यंत तरी तिला ते सगळं पुन्हा भोगायला लागू नये, एवढंच मला हवं होतं. आणि मानेला पट्टी लावून मी दवाखान्यातून बाहेर पडतो तर समोर कोण? आजाऱ्यांना भेटायला आलेल्या मार्थामावशी.

त्यांनी पट्टीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मी मनातल्या मनात गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडताना पाहिल्या.

पण काहीच झालं नाही. मावशी रोज आमच्या फाटकाशी यायच्या, कधी वांग्याचं भरीत घेऊन, कधी नुसत्याच. त्यांनी तोंड उघडलं की मी नंदाकडं चोरून बघायचो, आणि मावशी भरतात तिखट जास्त पडलं का म्हणून विचारायच्या. नंदा म्हणाली, ह्या बाईंची तब्येत बरी नाही वाटतं, अलीकडे प्रार्थना ऐकू येत नाही.

रिपोर्टच्या दिवशी मी दवाखान्यात पोचलो, तर मावशी, नर्सकडून तारीख काढून, आधीच बाकावर बसलेल्या. मी शेजारी बसलो. मला राहवलं नाही.

"मावशी, सगळ्यांसाठी करता. माझ्यासाठी प्रार्थना नाही केली?"

"केली ना. मनात. तुही बायको मले गळू झालं म्हने. तू घरी सांगतलं नाई, मंग म्या कशी सांगू? त्याले हळू बोललेलंबी आयकू येते."

"मग एरवी एवढ्या जोरात काऊन करता?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं वसतिगृहातल्या मठ्ठ मुलीकडं बघत असतील.

"ते लोकाईसाठी राह्यते. लोकाईले आयकू नाई गेलं, तं ढोबळेबाईच्या घरी डबा कोन आनीन? तो काय सोता पोया लाटाले येईन?"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं. आत डॉक्टर चष्मा पुसत होते. त्यांनी तो सावकाश डोळ्यांवर चढवला, कागद वाचला आणि म्हणाले, साधी गाठ आहे, काढून टाकू. मी बाहेर कसा आलो ते मला आठवत नाही. 'साधी गाठ' हा दोन शब्दांचा संवाद मावशींना सांगताना मी, म्हणजे रंगमंचावरचे समस्त राजे, दोनदा चुकलो.

मावशींनी डोळे मिटले नाहीत. पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडं वळून, शेजारणीशी बोलावं तसं त्या म्हणाल्या, "आयकलं ना बापा? लई उपकार झाले तुहे. आता याले घरी जाऊन बायकोले सांगाची हिंमत दे, नाई तं मलेच सांगा लागते."

समोरच्या बाकावर समुद्रपूरकडचे एक म्हातारबाबा कधीचे छातीचा एक्स-रे फोटो घेऊन बसले होते. त्यांनी त्या खुर्चीकडं निरखून पाहिलं, मग मावशींकडं, मग पुन्हा खुर्चीकडं. आणि अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं बोलून गेले,

"बाई, तुमच्या चांगल्या ओळखीचा दिसते तो. माह्यंबी सांगून द्या ना त्याले."