जानकीबायचे पाय

गेल्या महिन्यात एका सकाळी माझ्या पुतण्याचा, दामूचा, फोन आला. “काकी, आय गेली,” एवढंच बोलला आणि थांबला. मी बोईसरहून निघून तारापूरजवळच्या आमच्या गावी पोचले तेव्हा जानकीबायना ओट्यालगतच्या खोलीत निजवलं होतं. त्यांची सून सुनंदा सांगत होती, की उठल्या, स्वतःचा चहा स्वतः केला, ओट्यावर जाऊन बसल्या, “वारा बदलला गो,” म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या, त्या टेकल्याच... वय झालं होतं. अंथरूण धरलं नाही, कुणाकडून पाणी मागितलं नाही. आदल्या दिवशी कुंभवलीला चालत जाऊन मासळीचे दोन वाटे कुणाला तरी देऊन आल्या होत्या.

ईरा, नील, ही बातमी तुम्हांला सांगितली तेव्हा नीलने विचारलं, “आजी, मोठ्या आजीच्या पायाची दोन बोटं खरंच मुशीने खाल्ली होती का?” तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा तिनेच तुम्हांला तसं सांगितलं होतं, आणि मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तोंडात हात घालून बाकीची तीन बोटं कशी सोडवून आणली तेही रंगवून सांगितलं होतं. आता खरी गोष्ट सांगते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ती इतरही वाचतील, पण लिहायला बसले आहे तुमच्यासाठी.

आमच्या घरात सुना दोनच. थोरली जानकीबाय, धाकटी मी. त्या मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायच्या, मी त्याच रस्त्याने शाळेत इंग्रजी शिकवायला जायची. मला त्या कधी नावाने हाक मारत नसत. “मास्तरीण, तुझ्या पोरांना इंग्रजीत बोंबील कसा म्हणतात ते शिकवलंस का?” असं भर बाजारात विचारायच्या आणि शेजारच्या बायका हसायच्या. पुढे आम्ही बोईसरला बिऱ्हाड केलं, तुमचे आजोबा गेले, मी निवृत्त झाले, तरी बाजारातून उठल्यावर त्या माझ्याकडे चहाला येत. कारखान्यातल्या कामगारांशी हिंदी बोलायच्या, तेही आपल्या पद्धतीने. “लेनेका तो लो, दाबून दाबून माझ्या पापलेटाला ताप नको आणू,” हे त्यांचं हिंदी.

त्यांना मधुमेह होता. गोळ्या घेत, गोड सोडलं होतं, पण पायांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तळवे बधिर होत गेले तसं त्या अभिमानाने सांगत, “दर्यानं पाय घट केलेत. आता काय टोचत नाय.” आणि मग काही वर्षांपूर्वी एका सकाळी किनाऱ्यावर मासळी निवडताना त्यांचा पाय शिंगाळ्यावर पडला. या माशाच्या पंखात विषारी काटा असतो. तो आत शिरला की आडदांड माणूसही वाळूत लोळतो. जानकीबायना कळ आली ती घोट्याच्या वर. खाली काटा शिरला आहे हे त्यांना दामूने दाखवलं तेव्हा दिसलं. त्याने काटा ओढून काढला, फेकून दिला, आणि किनाऱ्यावर सगळे करतात तेच घरी येऊन केलं. घमेल्यात कढत पाणी घालून पाय त्यात ठेवायचा. पाणी किती गरम ठेवायचं हे ज्याचा पाय असतो तो सांगतो, हीच रीत. सुनंदा विचारत होती, “लागतंय काय, आय?” आणि जानकीबाय म्हणत होत्या, “काय नाय लागत. अजून तापव.” सुनंदा तापवत राहिली. पाय सांगेनासा झाला आहे, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

फोड आले, फुटले. त्यांनी हळद भरली, फडकं गुंडाळलं, वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि पाटी घेऊन बाजारात जाऊन बसल्या. पाय आतून सडू लागला तेव्हा त्याला वास येत असणारच. पण मासळीच्या घरात आणि मासळीच्या बाजारात तो वास वेगळा कुणाला कळणार? शेवटी एक दिवस वजन करता करता तराजू त्यांच्या हातून गळला आणि त्या कलंडल्या. एका गिऱ्हाइकाने, कारखान्यातल्या परप्रांतीय कामगाराने, “माई, माई” करत त्यांना रिक्षात घातलं. शेजारणीने मला फोन केला.

पहिल्या दवाखान्यात पाय पाहिल्याबरोबर सांगितलं, गुडघ्याखाली कापावा लागेल, उशीर करू नका. तेही चुकीचं बोलत नव्हते. पाय पोटरीपर्यंत सुजला होता आणि ताप डोक्यात चढत होता. जानकीबायनी मात्र नकार दिला. “पाय गेला तर मी पाटी घेऊन उठायची कशी? घरात बसून सुनेचं तोंड बघत बसू? त्यापेक्षा नेऊन दर्यात सोडा.” दामू रडायला लागला. मग तिथल्याच एका डॉक्टरांनी पालघरच्या रुग्णालयातल्या अनघा डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्या सर्जन. “त्यांनी कापा म्हटलं तर मग ऐका,” असं बजावून त्यांनी आम्हांला गाडीत बसवून दिलं.

अनघा डॉक्टर दिसायला लहानखुऱ्या, केसांत पेन खोवलेलं. मी सवयीने इंग्रजीत सगळी हकीकत सांगायला लागले. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि उत्तर मराठीत, जानकीबायकडे पाहून दिलं. मला म्हणाल्या, “पाय त्यांचा आहे ना, त्यांनाच सांगते.” मग स्टूल ओढून पायथ्याशी बसल्या, मांडीवर कापड घेतलं आणि तो पाय उचलून मांडीवर ठेवला. खोलीत उभं राहवत नव्हतं, पण त्यांनी नाकाजवळ हातसुद्धा नेला नाही. काटा कशाचा, पुढे काय केलं, एकेक विचारत गेल्या. कढत पाण्याचं ऐकून सुनंदा मान खाली घालून उभी राहिली. तेव्हा त्या म्हणाल्या, “शेक देणं बरोबरच होतं हं. शिंगाळ्याचं विष उष्णतेने उतरतं. मीसुद्धा तेच सांगितलं असतं. चूक शेकाची नाही, तुमचीही नाही.” सुनंदा त्यानंतर पहिल्यांदा खाली बसली.

मग त्यांनी खिशातून एक बारीक दांडी काढली. तिच्या टोकाला ताठ नायलॉनचा दोरा होता. जानकीबाय म्हणाल्या, “ही तर तंगूस. गळाची दोरी.” डॉक्टर म्हणाल्या, “तीच समजा. डोळे मिटा मावशी, आणि तंगूस पायाला लागली की ‘हां’ म्हणा.” आता जानकीबाय लहानपणी खाडीवर गळ टाकून बसणाऱ्या. दोरी बोटावरून सरकली की खाली कोणता मासा आला ते सांगायच्या. त्यांनी डोळे मिटले आणि कान टवकारल्यासारख्या बसून राहिल्या. डॉक्टरांनी आधी आजारी पायाला, मग चांगल्या पायाला, टाचेला, चवड्याला, अंगठ्याला तो दोरा टेकवला, दोरा दर वेळी वाकत होता. जानकीबाय गप्प. शेवटी वैतागून म्हणाल्या, “कर ना सुरू. कधीची बसलीय मी.”

मग त्यांनी डोळे उघडले, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं... बाजारात कुणाला न ऐकणारी ती बाई चांगल्या पायाचा तळवा दोन्ही हातांत धरून बसली.

डॉक्टरांनी त्यांना तसंच थोडा वेळ बसू दिलं. मग एका छोट्या यंत्राने घोट्याजवळची नाडी शोधली. यंत्रातून सूं सूं असा आवाज आला. “ऐकलंत? रक्त खाली पोचतंय. म्हणजे पाय वाचवायचा प्रयत्न करता येईल. पण वचन देत नाही. सडलेल्या जखमेचं विष अंगात चढायला लागलं तर मी आधी जीव वाचवणार, पाय नंतर. तेव्हा मला अडवायचं नाही. दोन बोटं मात्र आताच गेलेली आहेत.” जानकीबायनी पायाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाल्या, “दोन ने. वर तिसरं मागू नको.” डॉक्टरही तशाच म्हणाल्या, “तिसऱ्याला हात लावला तर तुम्हांला विचारून.” सौदा ठरला.

त्याच दिवशी पहिली शस्त्रक्रिया झाली. बोटं काढली, पू काढला. त्यानंतर रोजचं ड्रेसिंग डॉक्टर स्वतः करत. त्या वेळी जानकीबायना भरती-ओहोटीचं विचारत, कोणता मासा कधी मिळतो ते विचारत. दुखण्यावरून लक्ष उडावं म्हणून विचारत असाव्यात असं मला वाटायचं. पण जखम वरून चांगली दिसत असूनही ताप उतरेना. उतरे, पुन्हा चढे. सूज घोट्याच्या वर सरकू लागली. एका दुपारी डॉक्टर दामूला आणि मला घेऊन जानकीबायच्या खाटेशी बसल्या. “मावशी, उद्यापर्यंत फरक पडला नाही तर मला आपल्या बोलण्यातला दुसरा भाग करावा लागेल.” जानकीबाय भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “कबूल केलंय मी.” उठता उठता डॉक्टर थांबल्या. दामूला विचारलं, “तू काटा काढलास तेव्हा तो अख्खा होता का?” दामूला आठवेना. एक्सरेत नीट काही दिसलं नव्हतं. “मला तसा शिंगाळा बघायचाय. तेवढाच मोठा. आणता येईल?”

दामूने गावात फोन केला आणि दिवेलागणीच्या आत एक थोराड शिंगाळा बर्फाच्या डब्यातून पालघरला आला. दारावरचा वॉचमन डबा उघडून म्हणाला, “पेशंटला मच्छी चालत नाही.” दामू म्हणाला, “पेशंटला नाय, डाक्टरांना हाय.” वॉचमनने फोन करून खात्री करून घेतली, तरी डबा वर जाईपर्यंत मागे मागे आला. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, काटा उभा केला, त्यावरचे उलटे दाते बोटाने तपासले, दाबून मोडून पाहिला. दाते आत अडकतात, ओढला की टोक मागे तुटून राहतं. काटा कुठल्या अंगाने आणि किती खोल गेला असेल ते त्यांनी त्या माशाला जानकीबायच्या तळव्याशी धरून पाहिलं. जानकीबाय म्हणाल्या, “मी अशी वाकले होते, पाय असा तिरका पडला.” आणि त्यांनी खाटेवर बसल्या बसल्या पाय तसा वळवून दाखवला.

सकाळी त्यांना पुन्हा आत नेलं. पाय कापायची तयारीही ठेवली होती, ते डॉक्टरांनी आमच्यापासून लपवलं नाही. आम्ही बाहेर बाकावर बसलो. सुनंदा समुद्राकडे तोंड करून हात जोडायची सवय असल्याने पश्चिम कोणती ते विचारत होती. दार उघडलं तेव्हा डॉक्टर स्वतःच बाहेर आल्या. हातात लहान बाटली होती आणि तिच्या तळाशी तांदळाच्या दाण्याएवढा काट्याचा तुकडा. “टाचेकडे सरकला होता. तिथेच पू साठला होता,” त्या म्हणाल्या. “पाय आहे जागेवर.” दामूने त्यांच्या पायांना हात लावला. त्या मागे सरकल्या आणि म्हणाल्या, “आता कुणीतरी मला चहा द्या.”

दुसऱ्या दिवशी ताप उतरला तो परत चढला नाही. पुढचे आठवडे सोपे नव्हते. मांडीची कातडी काढून पायाला लावली, तो पाय किती तरी दिवस जमिनीला टेकवायचा नव्हता, साखर ताब्यात आणायला दुसरे डॉक्टर रोज त्यांच्याशी हुज्जत घालत. पण जानकीबाय मऊ तळाच्या खास चपला घालून वॉर्डात पहिल्यांदा चालल्या तेव्हा शेजारच्या खाटांवरचे लोक उठून बसले होते. अनघा डॉक्टर टोकाशी उभ्या. त्यांच्यापर्यंत पोचल्यावर जानकीबाय म्हणाल्या, “बाजार यापेक्षा लांब हाय. बघत राहू नको, अजून एक खेप करू.”

त्या बाजारात परतल्या तो दिवस मी पाहिला. गाळ्यांमधून चालत गेल्या, मुद्दाम सगळ्यात लांबच्या वाटेने. बायका उठून उभ्या राहिल्या. एकीने डोळे पुसले तर म्हणाल्या, “रडतेस काय, माझं गिऱ्हाईक घेतलंस म्हणून?” आणि आपल्या जागेवर बसल्या.

त्या दिवसापासून दिवसाचा बाजार उठला की त्या एक हातआरसा काढत. आरसा तळव्याखाली धरून टाचेपासून बोटांपर्यंत निरखत आणि मग तो शेजारणीकडे देत. “दाखव. तुला लागत नाय म्हणजे लागलंच नाय असं नाय.” पुढे गावातही, ओट्यावर, संध्याकाळी तसंच. नववारी नेसणाऱ्या म्हाताऱ्या आणि त्यांच्या सुना पाय पसरून बसलेल्या, आरसा फिरतोय, हसणं चाललंय. जवळच्या पाम गावातल्या एका बाईच्या टाचेत शिरलेला खिळा असाच सापडला, तिला कळलाही नव्हता. तिचा पाय चार दिवसांत बरा झाला. अनघा डॉक्टरांकडे आमच्या बाजूचे पाय आता वेळेवर पोचतात.

जानकीबायना शेवटची अंघोळ आम्ही बायकांनी घातली. पाय मी धुतले. दोन्ही पाय. तळव्यावर एक ओरखडा नव्हता.

परवा मी गावी गेले होते. संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या, आरसा फिरत फिरत माझ्याकडे आला. मलाही आता साखर आहे. सुनंदाने वाकून पाहिलं आणि म्हणाली, “काकी, टाचेला भेग हाय. उद्या पालघरला चला.” मी म्हटलं, मला काही दुखत नाही, पुढच्या आठवड्यात बघू. चौघीजणी एकदम बोलल्या. त्यातली एक म्हणाली, “मास्तरीण, तुमाला विचारलं नाय. पायाला विचारलं.”

सकाळी पहिल्या रिक्षाने मी निघाले.