सभागृहाच्या ताब्यातला कागद

विधिमंडळाच्या समितीसमोर ठेवलेला कागद जनतेच्या सर्वोच्च सभागृहाचा होतो, आणि सभागृहाच्या परवानगीशिवाय त्याला कोणी हात लावू शकत नाही, न्यायालयसुद्धा नाही. हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलं आणि टंकलं की त्यात घाबरण्यासारखं काही असेल असं कधी वाटलंच नाही. मी विधिमंडळात प्रतिवेदक होतो. म्हणजे सन्माननीय सदस्य बोलतील ते शब्दशः उतरवायचं, आणि बोलायला नको होतं ते सांगितल्यावर खोडायचं. या कामात माणसाचं मराठी सुधारतं आणि माणसांबद्दलचं मत बिघडतं.

निवृत्त होऊन जुईनगरला राहायला आल्यावर सोसायटीत माझा उपयोग अर्ज लिहिण्यापुरता ठरला. पाण्याचा दाब, गच्चीची गळती, तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं, सगळ्यांना मी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात करून देत असे. अर्जांचं पुढे काही होत नसे, पण वाचून लोकांना बरं वाटे. मलाही वाटे.

खालच्या मजल्यावर साताऱ्याकडचं एक कुटुंब होतं. वडील बाजारात माथाडी, जन्मभर पोती वाहून कमरेत वाकलेले. मुलगी ऐरोलीला एका कंपनीच्या बॅक ऑफिसात. तिचा मोठा भाऊ तळोज्याला रसायनाच्या कारखान्यात कंत्राटी कामगार होता. होता म्हणायचं कारण तो दीड वर्षापासून तुरुंगात होता.

भर दुपारी बाजारातल्या एका गाळ्यात कोणीतरी चाकू दाखवून लूट केली होती. भाऊ पूर्वी त्याच गाळ्यावर हमालीला होता, त्यामुळे पोलिसांना त्याचं नाव लवकर सुचलं. त्या दुपारी तो कारखान्यात पाळीवर होता. कारखान्याचं हजेरीबुक पोलिसांनी जप्त केलं, पंचनाम्यात तशी नोंदही केली. आरोपपत्रासोबत मात्र ते कोर्टात आलं नाही. बचावाच्या वकिलांनी मागितलं तेव्हा सरकारी वकील उभे राहून म्हणाले, असं कोणतंही हजेरीबुक आमच्याकडे नाही. बहिणीने ते त्याच सकाळी त्यांच्या टेबलावर पाहिलं होतं, निळ्या पुठ्ठ्याचं. पुढच्या तारखेला टेबल मोकळं होतं. त्यानंतर बराच काळ फक्त तारखा होत्या. कधी साक्षीदार नसे, कधी सरकारी वकील स्वतः नसत, आणि ते असले की त्यांना वेळ हवा असे.

घरच्यांच्या हातात एकच गोष्ट उरली होती. हजेरीबुक पोलिसांना देण्याआधी कारखान्याच्या टाइमकीपरने त्या दिवसाच्या पानाची हाताने नक्कल करून खाली सही केली होती आणि कारखान्याचा शिक्का मारला होता. पुढे कारखाना बंद पडला आणि टाइमकीपर गावी जाऊन वारला. राहिलं ते एक पान. बचावाचा पुरावा सुरू झाला की ते लावू, असं वकिलांनी सांगितलं होतं.

एका रविवारी बहीण वर माझ्याकडे आली.

‘काका, तुमी विधानभवनात होता ना?’

‘होतो. लिहायला.’

‘मग ओळख असेल सगळ्यांशी.’

‘मी त्यांना ओळखतो. ते मला ओळखत नाहीत.’

मी तिला सांगितलं की विधिमंडळाची एक समिती असते, तिच्याकडे कोणीही नागरिक अर्ज करू शकतो, आणि ती खात्याच्या सचिवांना समोर बसवून जाब विचारू शकते. समितीचं नाव लांब आहे, ते इथे देत नाही.

‘म्हणजे त्या सरकारी वकिलाला बोलवतील?’

‘सचिवांना बोलवतील.’

‘पण ते तर कोर्टात नव्हतेच.’

‘म्हणूनच त्यांना बोलवतात.’

ती हसली. त्या वेळी ती अजून हसत असे.

अर्ज आठ पानी झाला. सरकारी वकील हा आरोपीला शिक्षा मिळवून देणारा नोकर नसून न्यायालयाला सत्य शोधायला मदत करणारा अधिकारी आहे, असा एक परिच्छेद मी त्यात घातला होता. तो मी तिला दोनदा वाचून दाखवला. शेवटी सोबतच्या कागदांची यादी करताना मी म्हणालो, ‘ते टाइमकीपरचं पान मूळचं लावू.’

‘झेरॉक्स नाही चालणार?’

‘चालेल. पण झेरॉक्सकडे सचिव बघत नाहीत. मूळ कागद टेबलावर आला की त्यांची बोबडी वळते. मी बघितलंय.’

मी ते एकदा बघितलं होतं, आणि ते प्रकरण एका आमदाराच्या मेव्हण्याचं होतं. हे तपशील मी सांगितले नाहीत.

तिने पान प्लास्टिकच्या फोल्डरमधून काढलं. वडील दाराशी चप्पल घालून उभे होते, आत येऊन बसा म्हटलं तरी ते कधी बसत नसत.

‘खरा कागद हाय त्यो,’ ते म्हणाले. ‘हातचा सोडू नगंस.’

‘आप्पा, काकांची सगळी नोकरी तिथंच झाली.’

ते मान हलवून खाली गेले.

चार महिन्यांनी समिती नवी मुंबईच्या दौऱ्यावर आली. कार्यालयात माणसं कमी असल्यामुळे मला मानधनावर नोंदी घ्यायला बोलावलं होतं. अर्जही माझा आणि त्यावरच्या सुनावणीची नोंदही माझी, यात काही गैर आहे असं कोणाला वाटलं नाही, कारण लिहिणाऱ्याकडे कोणी बघत नाही. मीही आठवण करून दिली नाही.

सुनावणी अकराची होती. कार्यक्रमपत्रिकेवर आधी ‘पाणथळ क्षेत्राची पाहणी’ असल्यामुळे समिती सकाळपासून खाडीवर फ्लेमिंगो बघत होती. ती दीड वाजता आली. शाली झाल्या, पुष्पगुच्छ झाले, फोटोसाठी पुष्पगुच्छ परत एकदा झाले. टेबलांना जांभळ्या कापडाची झालर होती. पलीकडच्या खोलीतून जिताड्याच्या कालवणाचा वास येत होता, आणि सगळ्या सदस्यांच्या चेहऱ्यावर लोकांच्या गाऱ्हाण्यांविषयीची तळमळ दिसत होती.

बहीण उभी राहिली. ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून आली होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं.

‘ताई, घाबरायचं नाही,’ समितीप्रमुख म्हणाले. ‘हे सभागृह तुमचंच आहे.’

तिने नीट, क्रमाने सांगितलं. पंचनामा, निळं पुस्तक, टेबल, कोर्टातलं वाक्य. मग तिने सरकारी वकिलांचं नाव घेतलं.

समितीप्रमुखांनी हात वर केला. ‘नाव नको. जी व्यक्ती इथे हजर नाही, आपली बाजू मांडू शकत नाही, तिचं नाव इथे घेता येत नाही. कामकाजातून काढून टाका.’

मी खोडलं. सवयीने एका रेघेत खोडलं.

‘साहेब, माझा भाऊ पण हजर नाही,’ ती म्हणाली. ‘त्याचं घेऊ का?’

‘त्याचं घ्या की. ते रेकॉर्डवर आहेच.’

एक सदस्य हसले. मग त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी सचिवांना प्रश्न विचारला. ‘हे हजेरीबुक कुठंय?’

‘महोदय, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे,’ सचिव म्हणाले. ‘त्यावर भाष्य करणं उचित होणार नाही.’

‘अहो, तक्रारच ही आहे की तुमचा वकील ते पुढे सरकू देत नाही.’

‘बरोबर आहे, महोदय. जोवर सरकत नाही तोवर न्यायप्रविष्टच राहील.’

सदस्यांनी मान डोलावली. उत्तर चोख होतं आणि जेवण गरम होतं. तेवढ्यात समितीप्रमुखांनी फाईल उलटली, ते पान त्यांच्या हाताला लागलं. त्यांनी ते उजेडात धरलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

‘हा मूळ कागद आहे?’

‘हो साहेब.’

‘उत्तम. समिती हा कागद आपल्या ताब्यात घेत आहे. नोंद घ्या.’

मी नोंद घेतली. ते असं काही म्हणाले होते की जणू तिला काहीतरी देत होते, त्यामुळे तिने हात जोडले. जिन्यावर तिने मला गाठलं.

‘काका, झालं ना काम?’

‘झालं,’ मी म्हणालो, आणि परत वर जेवायला गेलो.

समितीचा परिणाम झाला नाही असं मी म्हणणार नाही. पुढच्या तारखेपासून सरकारी वकील वेळेवर येऊ लागले. साक्षीदार हजर, कागद हजर, कशालाही मुदत नको. दोन महिन्यांत त्यांचा सगळा पुरावा संपला आणि बचावाची पाळी आली. वकिलांनी बहिणीला फोन करून सांगितलं, मूळ पान घेऊन या.

मी समितीच्या कार्यालयात गेलो. तिथला अधिकारी एके काळी माझ्या हाताखाली शिकला होता. त्याने चहा मागवला.

‘सर, तुमीच आमाला शिकवलंत,’ तो म्हणाला. ‘समितीचा कागद सभागृहाच्या परवानगीशिवाय कोर्टात जात नाही.’

‘सभागृह कधी आहे?’

‘अधिवेशन संपलं ना आताच. मधल्या काळात अध्यक्ष देऊ शकतात परवानगी. पण फाईल समितीप्रमुखांच्या सहीने वर जाते.’

‘ते कुठे आहेत?’

‘अभ्यासदौऱ्यावर.’

‘कशाचा अभ्यास?’

‘ते आले की कळेल.’

पान त्याच्या मागच्या कपाटात होतं. त्याने मला ते दाखवलंसुद्धा. फाईलमध्ये नीट लावलेलं, वर पृष्ठक्रमांक टाकलेला. मी तिथेच बसून विनंतीचा अर्ज लिहिला. या वेळी तो अर्ध्या पानात आटोपला.

तारखेला मी बहिणीबरोबर कोर्टात गेलो. भाऊ कठड्याआड उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच नीट पाहत होतो. तो माझ्याकडे बघून ओळखीचं हसला, बहिणीने त्याला माझ्याबद्दल सांगितलं असणार, आणि चांगलंच सांगितलं असणार. वकिलांनी झेरॉक्स पुढे केली.

‘मूळ कुठे आहे?’ न्यायाधीशांनी विचारलं.

‘विधिमंडळात, साहेब.’

मागच्या बाकांवर हशा झाला. सरकारी वकील हसले नाहीत. ते उभे राहिले, कोट सारखा केला आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, ‘अभियोग पक्षाला विधिमंडळाबद्दल नितांत आदर आहे. सभागृहाच्या कागदाबाबत आम्ही काही बोलणार नाही. मूळ प्रत समोर नसताना या झेरॉक्सला मात्र आमची हरकत आहे.’

एवढं शुद्ध मराठी मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. न्यायाधीशांनी परवानगीसाठी मुदत दिली. मग आणखी एक दिली. या मुदती आता आमच्या बाजूच्या होत्या, त्यामुळे सरकारी वकील दर वेळी वेळेवर येऊन आपली नाराजी नोंदवत.

पावसाळा उलटून गेला तेव्हा ती परत वर आली. ती आत येऊन बसली नाही, वडिलांसारखी दाराशी उभी राहिली.

‘वकील म्हणतायत, गुन्हा कबूल केला तर झाली तेवढीच शिक्षा धरतील. आठवड्यात घरी.’

‘आणि तुझा भाऊ?’

‘दादा म्हणतो, करतो कबूल. म्हणतो, तो कागद येईपर्यंत मी इथंच म्हातारा होईन.’

‘मी अध्यक्षांना एक स्मरणपत्र लिहितो,’ मी म्हणालो. ‘लगेच.’

‘नको काका.’ ती आवाज न चढवता म्हणाली. ‘आता काही लिहू नका.’

त्याने कबूल केलं. कबुली स्वतःच्या इच्छेने देतोस का, असं न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, तो दोन्ही वेळा हो म्हणाला. पाच दिवसांनी तो रिक्षातून उतरला तेव्हा मी गॅलरीत होतो. मी आत गेलो. तळोज्यात आता कुठल्याही कारखान्याच्या गेटवर आधी पोलिसांचा दाखला मागतात, आणि त्याच्या दाखल्यावर काय येणार ते त्यालाही माहीत आहे. बाजारातल्या गाळेवाल्यांना दाखला लागत नाही, त्यांना तो तोंडओळखीने माहीत आहे. तो घरी असतो. जिन्यात भेटला की वाट देण्यासाठी भिंतीला लागून उभा राहतो.

समितीचा अहवाल पुढच्या अधिवेशनात शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवला गेला. चर्चा झाली नाही. आमचं प्रकरण त्यात सात ओळींचं होतं. आरोपीने स्वेच्छेने गुन्हा कबूल केला असल्याने संबंधित सरकारी वकिलांच्या वर्तनाबाबतच्या तक्रारीत समितीला तथ्य आढळून आलं नाही. मात्र सचिवांनी समितीला केलेल्या सहकार्याबद्दल समाधान व्यक्त करण्यात येत होतं. त्याच दिवशी सभागृहाने आणखी एक ठराव केला, तो कागद संबंधितांना परत करण्याचा. तो एकमताने संमत झाला.

पान रजिस्टर पोस्टाने आलं, जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात, सोबत ‘सुस्थितीत परत मिळाल्याची पोच द्यावी’ असं पत्र. पोच कशी लिहायची ते विचारायला या वेळी कोणी वर आलं नाही. तिने सही करून पत्र परत पाठवलं आणि पान सोसायटीच्या ऑफिसात माझ्या टपालाच्या कप्प्यात ठेवलं. चिठ्ठी नव्हती.

फायलीत लावण्यासाठी पानाला डाव्या बाजूला दोन भोकं पाडलेली होती. टाइमकीपरने समास सोडलेला नव्हता. वरच्या भोकात भावाची कामावर आल्याची वेळ गेली होती. परत गेल्याची वेळ वाचता येत होती.