अण्णांचा क्लू आता कापणार नाही

अण्णांच्या कोड्यांना कात्री लावणारी मीच.

नऊ वर्षं लावली. आज सकाळी अण्णा गेले, म्हणून आधी हे कबूल करते आणि मग बाकीचं लिहिते.

चंद्रकांत बनसोडे. एसटी वर्कशॉपमधले रिटायर्ड फिटर. आमच्या छोट्याशा साप्ताहिकाचं शब्दकोडं ते बनवायचे आणि त्या पानाचं लेआउट माझ्याकडे होतं.

दर मंगळवारी सायकलवरून यायचे. "जयभीम मॅडम" म्हणून वहीचा कागद टेबलावर ठेवायचे.

कागद बघूनच माझं डोकं उठायचं.

लोकांचे क्लू तीन शब्दांचे असतात. अण्णांचे तीन ओळींचे.

एक नमुना देते. "पाहुणा 'येतो' म्हणून उठतो आणि मग जिथं उभा राहून आणखी अर्धा तास बोलतो, ते ना घरात ना बाहेर." चार अक्षरी. उत्तर : उंबरठा.

आता एवढं रामायण एका कॉलममध्ये कसं बसवायचं? मी कापलं. "दाराची खालची पट्टी" असं छापलं आणि निवांत घरी गेले.

पुढच्या मंगळवारी अण्णा अंक घेऊन हजर. आवाज चढवला नाही. म्हणाले, "हे सुताराला सांगायचं असतंय मॅडम. वाचणाऱ्याला न्हाय."

मी पण ऐकणारी नव्हे. जागा नाही म्हटलं, जाहिरात आलीय म्हटलं, लोकांना एवढं वाचायला वेळ नसतो म्हटलं.

"शिकलेल्याला एक शब्द पुरतोय," अण्णा म्हणाले. "माझा माणूस दिवसभर राबून येतोय. त्याला हाताला धरून दारापतूर न्यायला लागतंय. आत तो स्वतः जातोय की."

पटलं मला. तरी कापत राहिले. खोटं कशाला सांगू.

त्यांची एक पद्धत होती. डेपोसमोरच्या टपरीवर चहा पिताना प्रत्येक क्लू तिघांना वाचून दाखवायचा. दोघांना उत्तर आलं तरच पक्का. नाही आलं तर खोडून पुन्हा. "कोडं सुटलं न्हाय तर वाचणारा येडा नसतोय, लिहिणारा आळशी असतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या वर्षी त्यांना स्ट्रोक आला.

उजवा हात गेला.

आणि शब्द गेले.

सगळे नाही, नेमकी नावं. वस्तू समोर दिसायची, कळायची, पण तिचं नाव तोंडात यायचं नाही. ताट, पंखा, चष्मा. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या मावशींचं, नावसुद्धा.

मी पहिल्यांदा घरी भेटायला गेले तो शनिवार होता. अण्णा माझ्याकडे बघून अडखळत म्हणाले, "ते... गरम... भांडण झालं तरी... दोघं... संगं पितात."

"चहा," मी म्हटलं.

मावशी आतून धावत आल्या. सकाळपासून त्या पाणी का, दूध का, औषध का, विचारून विचारून रडकुंडीला आल्या होत्या.

उत्तरं गेली होती. क्लू शाबूत होते.

त्याच दिवशी अण्णांनी डाव्या हातानं वही माझ्याकडे सरकवली. त्यांना कोडं करायचं होतं. त्यांनी क्लू सांगायचा, मी उत्तर ओळखून चौकोनात बसवायचं आणि क्लू जसाच्या तसा लिहून घ्यायचा.

मध्ये बोलायचं नाही, हा नियम. मी घाई करून उत्तर दिलं की डाव्या हातानं कॉट बडवायचे. दर शनिवारी बसायचो. एकेका क्लूला तास लागायचा, त्यामुळे एकच कोडं महिनोन्महिने चाललं. घाम फुटायचा. कधी कधी रडायचेसुद्धा. मावशी म्हणायच्या, "बास करा ओ आता. ऱ्हाऊ द्या ते कोडं."

"न्हाय."

हा एक शब्द मात्र त्यांना कधीच सोडून गेला नाही.

मग ते क्लू घेऊन मी टपरीवर जायला लागले. पहिल्यांदा लाज वाटली. पण अण्णांचं आहे म्हटल्यावर माणसं चहाचे ग्लास खाली ठेवून ऐकायची. तिघांतल्या दोघांना आलं पाहिजे, तोच नियम.

परवाच्या शनिवारी एकच शब्द उरला होता. कोपऱ्यातले चार चौकोन. अण्णा दमले होते. पुढच्या शनिवारी बघू म्हणून मी उठले, चप्पल घातली.

वळून बघते तर अण्णा भिंत धरत धरत दारापर्यंत आलेले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. खाली बोट दाखवलं.

"पावना... येतो म्हणतोय... आन्... हुबा..."

मला उत्तर माहीत होतं. मीच कापलेला क्लू होता तो. पण मध्ये बोलायचं नाही, नियम म्हणजे नियम.

"अर्धा तास... बोलतोय... ना घरात... ना भायेर."

पूर्ण झाला.

"उंबरठा," मी म्हटलं.

"व्हय." अण्णा हसले. हल्ली तोंडाची एकच बाजू हसायची. म्हणाले, "काप की."

"न्हाय," मी म्हटलं.

मग आम्ही तिथंच बोलत राहिलो. मावशींनी अण्णांना स्टूल आणून दिलं, मी उभीच. अर्धा तास तर नक्कीच झाला असेल.

येत्या रविवारच्या अंकात ते कोडं येतंय. संपादकांना आत्ताच फोन केला. ते म्हणाले, अर्धा कॉलम देतो. मी म्हटलं, अर्धं पान लागेल. राशिभविष्य काढून टाकलंय. ज्यांना या आठवड्यात आपलं भविष्य कळणार नाही त्यांनी तक्रार माझ्याकडे करावी.

आणि यापुढे कोडं मी बनवणार. लांबलचक क्लूंचं. जमेल की नाही माहीत नाही, पण बनवणार. मंगळवारी टपरीवर असेन. तिघं लागतात.

'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढे दोनच शब्द लिहिले असते तर अण्णांनी कागद परत पाठवला असता. म्हणून एवढं लिहिलं.

जयभीम, अण्णा.