ताईच्या पेशी

पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. तिच्या थोरल्या बहिणीने, ताईने, आजारपणात संशोधनासाठी त्वचेचा तुकडा दिला होता. ताई गेली, पण तिच्या पेशी उबदार कपाटात, काचेच्या बशीत वाढतच राहिल्या. त्यांना खाऊ घालणं धाकटीच्याच वाट्याला आलं.

एके दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "आज या पेशींना पॉलिअमाइन हे रसायन जास्त घाला, त्या काय करतात ते बघू. वाढीला ते लागतंच, पण अती झालं तर पेशी मरते."

तिने घातलं. दुपारी तपासलं, तर पॉलिअमाइन बनवणारं पेशींतलं एन्झाइम जवळपास नाहीसं झालेलं.

"कुठे गेलं?" तिने दचकून विचारलं.

"पेशीनेच मोडून टाकलं. पॉलिअमाइनचा साठा वाढला की ती दुसरं एक प्रथिन बनवते. ते एन्झाइमला धरतं आणि त्याची विल्हेवाट लावायला नेतं. साठा उतरला की एन्झाइम परत येतं."

तिने पेशी धुऊन साधं खाद्य दिलं. संध्याकाळी एन्झाइम खरंच परत आलं होतं. तिच्या अंगावर सरकन काटा आला. ताईला जाऊन वर्ष झालं, आणि इथे तिचं शरीर अजून हवं-नको ओळखत होतं!

"मॅडम, हे माझ्याच्याने नाही होणार," असं सांगायला ती वळली. पण बशी दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला मन धजेना. कपाटाचं दार हळूच लावताना ती नकळत बोलून गेली, "येते गं, ताई."

आणि उत्तराची वाट पाहत बराच वेळ तिथेच उभी राहिली.